आचारसंहिता लागली, हत्यार जमा करायचंय? आधी हे वाचा

मी गिरगावातला. आजोबांची बारा बोअरची दुनळी आणि वडिलांचा .32 रिव्हॉल्व्हर, दोन्ही माझ्या परवान्यावर. काकांची .315 रायफलही होती, तिची गोष्ट पुढे सांगतो. 2024 मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, असं दोनदा सगळं पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. म्हणून हे लिहितोय.

ठाण्यातून नुसता फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. कोणाची हत्यारं जमा करायची ते छाननी समिती ठरवते. बँकेचे सुरक्षारक्षक आणि रायफल असोसिएशनचे नेमबाज यांना सूट असते. तुम्ही त्यात बसत असाल तर कागद घेऊन जा, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

निघण्यापूर्वी घरीच हत्यार रिकामं करा. नळीतून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत विश्वास ठेवू नका. काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात ठेवा. हत्यारावरचा नंबर, दस्ता आणि नळी यांचे फोटो काढा. नळीला आतबाहेर तेल द्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मूळ परवाना आणि दोन झेरॉक्स सोबत घ्या, आणि कृपा करून लोकलने जाऊ नका, टॅक्सी करा.

खरं काम पावतीचं. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार घाईत असतात, ‘एक बंदूक जमा’ एवढं लिहून देतात. तेवढ्यावर उठू नका. बोअर, नंबर, काडतुसांची संख्या आणि ‘गंज नाही, दस्ता अखंड’ हे शब्द लिहून घ्या. सही, शिक्का, तारीख. लोकसभेचा निकाल 4 जूनला लागला. त्यानंतर आठवडाभराने हत्यारं परत मिळायला हवीत, पण मला मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. दुनळीच्या डाव्या नळीत तांबूस पट्टा आला होता. पावतीवर स्थिती लिहिलेली नव्हती, मग कोणाला काय सांगणार? विधानसभेला मात्र मी खुर्ची सोडली नाही.

आता राग कशाचा ते सांगतो, कारण तोही या कामाचा भाग आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला आणि त्या आरोपाखाली एका आमदाराला अटक झाली. पुढच्या महिन्यात आचारसंहिता लागली आणि आजोबांची दुनळी चादरीत गुंडाळून रांगेत उभा कोण, तर मी! हीच मंडळी व्यासपीठावरून कडक कायद्याची भाषा करतात तेव्हा आमच्यासारख्यांच्या कपाळाला आठी पडते. कायदा नको असं मी म्हणत नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, ते उत्तमच झालं.

पण त्याच दुरुस्तीने मला धडा शिकवला. मूळ विधेयकात माणशी एकच हत्यार होतं. ओरड झाली, लोकसभेत ते दोनवर आलं. तेव्हा एका पक्षाच्या शाखेतले ओळखीचे गृहस्थ म्हणाले, ‘काका, वडिलोपार्जित हत्यारं कोण घेतंय? एकाचं दोन झालं, दोनाचं तीनही होईल.’ मी त्यांच्या भरवशावर बसून राहिलो. कायदा 14 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तिसरं हत्यार जमा करायला एक वर्षाची मुदत होती. मधे टाळेबंदी आली. शेवटच्या आठवड्यात परवानाधारक विक्रेत्याकडे धावत जाऊन काकांची .315 दिली. विकायला निवांत वर्ष होतं, ते मी गप्पांत घालवलं.

तेव्हा नवा नियम येतोय असं ऐकलंत की भाषण सोडा, राजपत्र काढा. त्यात तीन गोष्टी शोधा: लागू होण्याची तारीख, मुदत, आणि जमा कुठे करायचं. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीखही तेव्हाच बघून घ्या. मुदत आता तीनऐवजी पाच वर्षं आहे, त्यामुळे हमखास विसरायला होतं.

आणि उमेदवार दारात आला तर एवढंच विचारा: ‘ठाण्यात ठेवलेल्या हत्याराला गंज चढला तर भरपाई कोण देतं?’ मी विचारलं होतं. हात जोडलेले तसेच ठेवून साहेब म्हणाले, ‘काका, तुमच्याकडे बंदूक आहे?’ आणि दोन पायऱ्या खाली उतरले.