वर्गाबाहेरच्या यशाचं कौतुक करताना या चुका टाळा

माध्यमिक शाळेतल्या मुलांचं अर्धं आयुष्य शाळा सुटल्यावर सुरू होतं. कुणी पोहण्याच्या सरावाला जातं, कुणी स्वतःहून गिटार शिकतं, कुणी आजारी आजीचं औषधपाणी बघतं. यातलं फार थोडं शाळेच्या कानावर येतं. जे येतं, त्याचंही कौतुक कधी कधी असं होतं की मूल खूश होण्याऐवजी अवघडून जातं. हेतू चांगलाच असतो, पद्धत चुकते.

कागद असेल तरच यश

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. क्लासची फी भरायची ऐपत, स्पर्धेला न्यायला-आणायला मोकळं असलेलं मोठं माणूस हे ज्या घरात आहे, तिथल्या मुलाची प्रमाणपत्रांची फाइल आपोआप जाड होते. जिला घरी जाऊन धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, तिच्याकडे दाखवायला कागदच नसतो. शाळेने फक्त कागद मोजले, तर सत्कार मुलाचा कमी आणि घरच्या परिस्थितीचा जास्त होतो.

उपाय सोपा आहे. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला अर्ध्या पानाचा फॉर्म द्या. शाळेबाहेर काय करता, कधीपासून करता, त्यात अवघड काय गेलं, एवढंच विचारा. खाली, हे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या एका मोठ्या माणसाचं नाव लिहायला सांगा. शंका आली तर त्यांच्याशी बोलता येतं, वेगळा पुरावा मागावा लागत नाही.

फॉर्म कोरे परत आले, तर मुलं काहीच करत नाहीत असं समजू नका. आपण करतो ते सांगण्याजोगं आहे, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. फॉर्मवरच उदाहरणं छापा: सायकली दुरुस्त करणं, शेजारच्या लहान मुलांना गणित शिकवणं, आईवडिलांना परक्या भाषेतली कागदपत्रं समजावून देणं. तरीही कोरेच आले, तर वर्गशिक्षकांनी एकेकाशी दहा मिनिटं बोलावं. त्या बोलण्यातून जे कळतं, ते फॉर्ममधून कधीच कळत नाही.

फक्त पहिला, दुसरा, तिसरा

क्रमांक स्पर्धेपुरते ठीक आहेत. पण समाजसेवेत पहिला नंबर कुणाचा, हे कसं ठरवणार? ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या ‘ड्यूक ऑफ एडिनबर्ग अवॉर्ड’ने हा प्रश्न चांगला सोडवला आहे. आता अनेक देशांत चालणाऱ्या या उपक्रमात १४ ते २४ वयाची मुलं सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास या चार भागांत स्वतःचं उद्दिष्ट स्वतः ठरवतात आणि ते पूर्ण केलं की कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण स्तर मिळवतात. कुणाला हरवावं लागत नाही. पहिल्या, कांस्य स्तरालाही किमान सहा महिने सातत्य लागतं. आपल्या शाळेसाठी एवढं तत्त्व जरी उचललं तरी खूप झालं: तुलना मुलाच्या कालच्या स्वतःशी करायची.

आधीच बक्षिसाचं आमिष

‘अमुक करा, पदक मिळेल’ अशी घोषणा केली की सहभाग वाढतो, पण तो टिकतोच असं नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना प्रशस्तिपत्र देण्याचं आधी कबूल केलं होतं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

अचानक दिलेलं बक्षीसही दर वेळी निर्धोक नसतं. अमेरिकेत सहावी ते बारावीच्या हजारो विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्ण हजेरीबद्दल नंतर अनपेक्षितपणे पुरस्कार मिळालेल्या मुलांची गैरहजेरी पुढे उलट थोडी वाढली. ‘तू इतरांपेक्षा जास्त येतोस, शाळेची एवढी अपेक्षाही नव्हती’ असा अर्थ मुलांनी काढला असावा, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. म्हणून पुरस्कारासोबत कोणता संदेश जातो, ते आधी तपासा. हजेरी, गणवेश अशा किमान अपेक्षांवर पदकं नकोतच.

मोघम शाबासकी

‘खूप हुशार मुलगी’, ‘शाळेची शान’ यातून मुलीला काहीच कळत नाही. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या संशोधनात बुद्धीची स्तुती झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली. कष्टांची स्तुती झालेली मुलं चिकाटीने प्रयत्न करत राहिली. म्हणून नेमकं काय केलं ते बोला: ‘दोनदा संघात निवड झाली नाही, तरी तू सराव सोडला नाहीस.’ यासाठी फॉर्ममधला ‘अवघड काय गेलं’ हा प्रश्न उपयोगी पडतो.

न विचारता जाहीर करणं

या वयात सगळ्यांसमोर उभं राहणं काही मुलांना शिक्षेसारखं वाटतं. घरातल्या आजारपणाची किंवा पैशांची गोष्ट तर परवानगीशिवाय कधीच उघड करू नका. मूल नको म्हणालं, तर हाताने लिहिलेलं चार ओळींचं पत्र द्या. ते पुष्कळ असतं.

दर वर्षी तेच चेहरे दिसत असतील तर

शिफारशी कोण करतं ते बघा. बहुतेकदा दोन-तीनच शिक्षक नावं सुचवतात आणि त्यांना आपापल्या विषयातली मुलं आठवतात. ग्रंथपाल, शिपाई, बसचालक आणि स्वतः विद्यार्थी यांनाही नावं सुचवू द्या. वर्गवार यादी समोर ठेवून ज्यांच्या नावापुढे वर्षभरात एकही नोंद नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि सगळं वार्षिक समारंभासाठी साठवू नका. जूनमधल्या कामाची दखल फेब्रुवारीत घेतली, तर तोवर ते मुलालाही नीट आठवत नसतं. त्याच आठवड्यात वर्गात सांगितलेलं एक वाक्य पुरतं.