बटणाचं फंक्शन एकदाचं लायब्ररीत टाकलं

अर्दुइनोच्या (छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड) प्रत्येक स्केचमधे, म्हणजे प्रोग्राममधे, तेच डिबाउन्सचं फंक्शन (एकदा दाबलेलं बटण थरथरून अनेकदा दाबल्यासारखं दिसतं, ते गाळणारं) कॉपी-पेस्ट करत होतो, एकात दुरुस्ती केली की बाकीची चार तशीच राहायची. शेवटी ते हेडर फाइलमधे (दुसऱ्या फाइलींत जोडायची सामायिक फाइल) टाकलं, दोन सीपीपी (सी++ कोडच्या) फाइलींत ती इन्क्लूड केली आणि लगेच 'मल्टिपल डेफिनिशन', म्हणजे तेच फंक्शन दोनदा असल्याची एरर. इन्क्लूड गार्ड (हेडर दोनदा येऊ न देणाऱ्या ओळी) होता की राव! पण तो एका सीपीपीपुरताच, शेवटी सगळ्या फाइली जोडणाऱ्या लिंकरला फंक्शन दोन्हीकडे सापडतंच. मग हेडरमधे फक्त डिक्लरेशन (फंक्शनची नुसती ओळख) ठेवलं, बॉडी म्हणजे खरा कोड सीपीपीत, आणि तिथे वर 'अर्दुइनो डॉट एच' स्वतः लिहावी लागते नाहीतर मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) ओळखत नाही (स्केचमधे ती आपोआप येते, म्हणून सवयच नसते).

खरा घोळ पुढेच. फंक्शनच्या आत टाइम ठेवायला स्टॅटिक (दर वेळी तीच किंमत टिकवणारं) व्हेरिएबल होतं, दुसरं बटण जोडलं तर दोघांना तेच, एक दाबलं की दुसरं ऐकेना. छोटा क्लास केला, प्रत्येक बटणाला वेगळा ऑब्जेक्ट, म्हणजे स्वतःचा टाइम. आता डिबाउन्सची 50 मिलिसेकंदांची वेळ एकाच जागी बदलतो.