मुंबईकराची फोर-बाय-फोर: पैसे आधी कुठे घालावेत

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यायची असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. महिंद्राची तीन दारांची थार साधारण 1.82 मीटर रुंद आणि 1.85 मीटर उंच आहे, मारुतीची जिम्नी 1.65 मीटर रुंद आणि 1.72 मीटर उंच. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारी यंत्रणा) असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा आधी विचारून घ्या आणि उद्या टपावर कॅरिअर बसवायची हौस असेल तर तीही उंची त्यात धरा. बिल्डरने दिलेल्या चिंचोळ्या जागेत दार अर्धंच उघडणार असेल, तर जिम्नीच बरी.

गाडी घेताना

सेकंडहँड थार बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जानेवारी 2023 पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते आणि बाहेरून ती जवळपास तशीच दिसते. गिअरशेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का ते पाहा. असेल तर गाडी कच्च्या मैदानात नेऊन फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाका आणि स्वतः चालवून बघा. मग खाली वाका. समुद्राच्या हवेने चेसिसचे जोड आणि बोल्ट आधी गंजतात. जुन्या गाडीखाली ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं, तर मी तरी दुप्पट संशय घेईन. मारुतीची जुनी जिप्सी घेणार असाल तर नोंदणीची तारीख बघा. 15 वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाची धावपळ तुमच्याच गळ्यात पडेल.

पहिला पावसाळा काही बदलू नका

कंपनीच्या थारला 226 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर) आहे, जिम्नीला 210. शिकाऊ हातांना एवढं पुष्कळ झालं. गाडी नेमकी कुठे टेकते, बंपरला की मधल्या पोटाला, हे आधी कळू द्या, खर्च त्यानंतर.

खर्चात पहिला मान टायरचा. चिखलासाठीचे एमटी टायर फोटोत झकास दिसतात, पण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कान किटतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी माती असा हिशेब असेल तर एटी, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारे टायर घ्या. मोठ्या मापाचा मोह होईल, तेव्हा थोडं गणित करा. 255/65 आर18 च्या जागी 265/70 आर18 घातला तर टायरचा व्यास सुमारे 40 मिमीने वाढतो, गाडी मात्र त्याच्या निम्मी, म्हणजे 20 मिमी उचलली जाते. वर स्पीडोमीटर 80 दाखवत असताना वेग 84 असतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरला घासण्याची भीती वेगळीच.

दुसरा मान रिकव्हरीच्या, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायच्या सामानाचा: कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, क्षमता कोरलेले दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, जाड हातमोजे, प्रेशर गेज आणि हवा भरायला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर. डिकीत लोळणारा साधा टोइंगचा पट्टा झटका देऊन ओढायला वापरू नका. तो ताणत नाही. हुक तरी उपटतो नाहीतर स्वतः तुटतो, आणि सुटलेलं लोखंड काच फोडून आत येतं. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, बघ्यांना लांब पिटाळा.

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), विंच (गाडी ओढणारा मोटरचा रहाट), स्नॉर्केल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी) हे सगळं त्यानंतर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता, तेव्हापासून स्नॉर्केलवर मुंबईकराचा भाबडा विश्वास आहे. इंजिनात जाणारी हवा वरून येते, एवढंच त्याने साधतं. वायरिंगमध्ये आणि डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याच्या) ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या नळीतून शिरणारं पाणी त्याने थांबत नाही.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा दुकानदार ‘कोणी विचारत नाही’ म्हणेल. अपघातानंतर विमा कंपनी नक्की विचारते.

मातीत उतरल्यावर

जागा कुठली, ते आधी. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नका. अलिबागकडचे किनारे टाळा. भरती आली की गाडी खाऱ्या पाण्यात जाते आणि गुन्हाही दाखल होतो. वाट अडली म्हणून कोणाच्या भातखाचरात चाकं घालू नका. लोणावळा, मुळशी भागात पैसे देऊन चालवता येणारे खासगी ट्रॅक आहेत, सुरुवात तिथे करा. दुसरी गाडी सोबत असावीच.

डांबर संपलं की टायरची हवा 20 पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी बसतात. साध्या रिमवर 15 च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निखळतो. फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला) सैल मातीतच टाका. कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि भार गिअरच्या दातांवर येतो. फोर-लो चढ सुरू होण्याआधी, गाडी उभी करून मगच टाका. उतारावर पहिला गिअर ठेवा आणि क्लचवरचा पाय काढा. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. दगडाला चाक आपटलं की जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग फटकन फिरतं.

ओढ्यात आधी माणूस, मग गाडी. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तर माघारी फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

परत आल्यावर

परतीच्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. 80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं तर अलाइनमेंटवाल्याकडे धावण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे लाल मातीचा वाळलेला थर सापडेल. गाडी सोसायटीत धुऊ नका, त्या चिखलाने गटार तुंबतं आणि सेक्रेटरीसाहेब वर्षभर ऐकवतात. वाटेतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये रॅम्पवर चढवून चेसिसच्या पोकळ्यांत पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. पाण्यातून गेला असाल तर तिथेच डिफरन्शियलचं तेल तपासा. ते दुधाळ दिसलं, तर पुढच्या रविवारची वाट न बघता बदला.