रोहिणीआधी आळी मोडा

परसबाग वाऱ्याने जाते, असं कोकणात सगळे म्हणतात. माझ्या मते निम्मी बाग आळ्याने जाते. उन्हाळ्यात लिंबू, पपई, पेरू यांना पाणी घालायला बुंध्याभोवती आळं करतो आणि पाऊस लागला तरी ते तसंच ठेवतो. दोन दिवस सर कोसळली की त्यात पाणी तुंबतं, बुंध्याखाली चिखल होतो आणि तिसऱ्या दिवशी साध्या वाऱ्यानेही झाड आडवं होतं. जे उभं राहतं ते श्रावणात पिवळं पडतं. पपईचा बुंधा कुजतो, लिंबाच्या सालीतून डिंक यायला लागतो. मग लोक दुकानात धावतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं. ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलेल्या वाऱ्यापुढे माड-पोफळी मोडल्या, त्याला कोणाचा इलाज नव्हता. माझ्या परसातलं लिंबू मात्र मोडलं नाही, मुळासकट उपटलं. आळं पाण्याने भरलेलं होतं, ते माझंच पाप. पुढच्या वर्षी तौक्ते तर मेच्या मध्यालाच किनाऱ्याने वर गेलं. तेव्हा ‘मृगाच्या आदल्या दिवशी बघू’ (म्हणजे साधारण ७ जूनला) हा हिशोब आता सोडा. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, त्याआधीच आळी मोडा.

मेमध्ये पाणी तर द्यावंच लागतं, मग आळं मोडायचं कसं? बुंध्याशी माती ओढून वीतभर उंच, चारी बाजूंना उतरती भर द्या आणि पाण्याचं आळं तिच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली सरकवा. कलमाचा सांधा मातीत गाडू नका. बुंध्याजवळ कुदळ खोल मारू नका, मुळं तुटतात. पहिली वळवाची सर आली किंवा वादळाचा इशारा ऐकला, की बाहेरचं आळंही उताराच्या बाजूने फोडा आणि तिथून चर काढा. समुद्राकाठच्या पुळणीतल्या माडाला याची एवढी गरज नाही, तिथे पाणी थांबतच नाही.

चर काढून तो कुंपणाशी संपला तर उपयोग शून्य. जुन्या गडग्यातून, म्हणजे नुसते दगड रचलेल्या कुंपणातून, पाणी आपोआप झिरपायचं. आता सगळीकडे सिमेंटात बांधलेली चिऱ्याची भिंत आहे. तिच्या तळाशी पाण्याला भोक ठेवा. पहिल्या पावसात छत्री घेऊन बागेत उभे राहा, पाणी कुठे अडतं ते दहा मिनिटांत कळतं. गच्चीवर कुंड्या असतील तर त्यांच्या खालच्या ताटल्या काढा. तीही आळीच.

बाकीची कामं:
– शेवगा छाटा, त्याचं लाकूड ठिसूळ असतं.
– घडाच्या केळीला बांबूचे दोन टेकू, कात्रीसारखे.
– माडाचे सुके झाप आणि तयार नारळ उतरवा.
– शेडनेट काढून ठेवा, वाऱ्यात त्याचं शीड होतं.
– रोपांना काठी; सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल.

पोफळीच्या कोळेरोगासाठी (पावसात सुपाऱ्या कुजून गळतात तो बुरशीचा रोग) पाऊस लागण्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रण घडांवर फवारा आणि महिना-सव्वा महिन्याने उघडीप बघून पुन्हा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. भांडी प्लास्टिकची, लोखंडी नकोत. तयार मिश्रणात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. लिंबाच्या बुंध्याला लावायची पेस्ट हवी तर तेवढाच मोरचूद-चुना एक लिटर पाण्यात.

एवढ्यावर भागतं. मला एका दुकानदाराने ‘मुळं घट्ट धरणारं’ टॉनिक गळ्यात मारलं होतं. तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवाच मिळत नसेल, तर बाटली काय करणार? मुळं खोल जावीत यासाठी माझा अनुभव वेगळंच सांगतो: रोज तांब्याभर पाणी पिणारी झाडं आधी पडतात, चार दिवसांआड भरपूर पाणी मिळालेली टिकतात. हे कुठल्या शिफारशीत वाचलेलं नाही, पण माझ्या आणि शेजारच्या दोन परसांत तसंच दिसलंय.

झाड पडलंच तर विजेच्या तारा आधी बघा. तार अडकली असेल तर लाईनमन येईपर्यंत हात लावू नका. लहान लिंबू-पेरू एक-दोन दिवसांत उभा करा, तोवर उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाका. दोर लावून हिसडू नका. खालची माती मोकळी करून हळूहळू उचला. तिसरा हिस्सा फांद्या कमी करा, तीन बाजूंनी आधार द्या, भर घाला. नवी पालवी दिसेपर्यंत युरिया नको.