माळ्यावरचा प्लेस्टेशन खाली काढताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात आईनं माळा आवरायला काढला आणि चादरींच्या गाठोड्यामागून आमचा जुना प्लेस्टेशन २ निघाला. जाडा, काळा, पाठीवर धुळीचा थर. सोबत 'स्पायडर-मॅन २'ची डबी. २००४ साली सिनेमाच्या जोडीनं आलेला, ट्रेयार्कनं बनवलेला तोच गेम. आधीच्या २००२ च्या गेममध्ये जाळं थेट आभाळाला चिकटायचं. यात मात्र शेजारी खरोखर इमारत लागते, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही पोरं वेडी झालो होतो. सोलापूरच्या पूर्व भागात, खाली माग आणि वर घर. माग थांबले की कळायचं, लाईट गेली. स्पायडर-मॅनही तिथंच संपायचा.

मी तो कन्सोल त्याच दुपारी लावायला निघालो होतो. पहिली चूक तीच.

आधी पाठ वाचा

जाड्या मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, आणि तो कुठल्या देशातला आहे ते मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. आखातातून आलेला असेल तर बहुधा २२० ते २४० व्होल्टचा, म्हणजे चालेल. अमेरिकेचा १२० चा, जपानचा १०० चा. माझ्या एका मित्राच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला कन्सोल त्यानं सरळ भिंतीतल्या २३० वर लावला. 'टप्प' असा आवाज, जळका वास, खेळ खलास. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. बहुतेक स्लिम मॉडेलचा अडॅप्टर बाहेर असतो, तेव्हा लेबल त्याचं वाचायचं. १०० ते २४० असं छापलेलं असेल तर निर्धास्त लावा.

उलटही होतं. पुढचं बटण दाबून काही होत नाही म्हणून लोक कन्सोल मेला म्हणतात. जाड्या मॉडेलला मागं एक मेन स्विच आहे. तो चालू केला की पुढं लाल दिवा लागतो, मग पुढचं बटण दाबलं की हिरवा. भंगारात देण्याआधी एवढं बघा.

पंक्चरवाल्याकडे नेऊ नका

सोलापुरातली धूळ नुसती धूळ नसते, तिच्यात सूत असतं. खाली माग असलेल्या घरात तर विचारूच नका. मी खालची रबरी बुचं काढून स्क्रू खोलले, तर फॅनच्या पात्यांवर जवळजवळ टॉवेल विणून तयार होता. अशा स्थितीत बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या दुपारी, पत्र्याखाली, तासभर गेम चालवला असता तर आतली उष्णता जाणार कुठं?

पण साफ करायची घाईही नडते. ओळखीतल्या एकानं कन्सोल सायकलच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणली. त्या हवेत पाणी असतं, आणि फॅन इतका भरधाव फिरतो की बेअरिंग जातं. त्यापेक्षा प्लग काढून कन्सोल थोडा वेळ तसाच ठेवा, फॅन बोटानं धरा आणि रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशनं तंतू ओढून काढा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. पॉवर सप्लायच्या पाटीला हात लावू नका. आणि खेळायचंच असेल तर रात्री खेळा, कन्सोलच्या मागं वीतभर जागा मोकळी सोडून.

डिस्कला टूथपेस्ट

डिस्क घातली आणि लाल पडदा आला, प्लेस्टेशनची डिस्क घाला म्हणून. मी मित्राला फोन केला, टूथपेस्ट लावून बघू का विचारलं. तो म्हणाला, "काय करूलालास बे? तिला दात हायेत व्हय?"

त्याचं बरोबर होतं. टूथपेस्टनं वरवरचा ओरखडा कधी कधी बुजतो, पण बारीक नवे ओरखडे पडतात. मऊ कापड घ्यायचं आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. बऱ्याचदा दोष डिस्कचा नसतोच, लेन्सवर धूळ बसलेली असते. कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, अगदी हलक्या हातानं. सेंट, पेट्रोल, थिनर नको.

इथं एक खूण उपयोगी पडते. प्लेस्टेशन २ च्या ज्या डिस्कची खालची बाजू निळी, त्या सीडी. चंदेरी त्या डीव्हीडी, आणि 'स्पायडर-मॅन २' डीव्हीडीच आहे. निळी चालते पण चंदेरी चालत नाही असं झालं तर लेसरची डीव्हीडीची बाजू दमली असं समजा. कॉपी केलेली डिस्क असेल आणि कन्सोलला चिप बसवलेली नसेल, तरी हाच लाल पडदा येतो. दुसऱ्या रीजनची, म्हणजे जगाच्या दुसऱ्या भागासाठी काढलेली डिस्क असली तरीही. तेव्हा लेन्सशी झटापट करण्याआधी एक अस्सल, आपल्या रीजनची डिस्क घालून बघा.

चित्र काळं-पांढरं का?

नव्या एलईडी टीव्हीत कन्सोलच्या केबलची पिवळी पिन बऱ्याचदा हिरव्या भोकात घालावी लागते. पिन बरोबर बसली, पण सेटिंगमध्ये कॉम्पोनंट निवडलेलं राहिलं तर चित्राचा रंग जातो. तिथं एव्ही निवडा. चित्र आडवं ताणलेलं दिसत असेल तर टीव्हीत ४:३ करा. बटण दाबल्यावर उशीर वाटत असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा. जुन्या डब्बा टीव्हीवर हा प्रश्नच नव्हता. कुणाकडे चालू स्थितीतला असेल तर देऊ नका कुणाला.

मेमरी कार्ड तर विसरूच नका. प्लेस्टेशन २ चं ८ एमबीचं कार्ड जुन्या प्लेस्टेशन १ च्या गेमला दिसत नाही. २००० सालचा, प्लेस्टेशन १ वरचा 'स्पायडर-मॅन' याच कन्सोलवर चालतो, पण सेव्ह करायला जुनंच कार्ड लागतं. मी दोन तास खेळल्यावर हे शिकलो. चालू करताना प्रत्येक वेळी तारीख विचारत असेल तर आतली सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. तुमचे सेव्ह सुरक्षित आहेत.

हाताची चूक, खेळाची नव्हे

या गेममध्ये जाळं कंट्रोलरच्या आर२ बटणावर. ते बटण मेलं की स्पायडर-मॅन न्यूयॉर्कभर पायी हिंडतो. माझं तसंच झालं होतं. नवा कंट्रोलर घेण्याआधी जुना खोलून पाहिला. बटणांखालच्या पारदर्शक पट्टीला सर्किटवर दाबून धरणारा फोमचा तुकडा चपटा झाला होता. त्याखाली चिकटपट्टीची दुहेरी घडी सरकवली आणि आर२ जिवंत झालं.

मग कळलं, मीही गंजलो आहे. आजच्या गेमच्या सवयीनं मी आर२ दाबूनच ठेवत होतो आणि दर वेळी भिंतीवर आपटत होतो. झोका वर चढायला लागला की जाळं सोडायचं, उडी मारायची, मग पुढचं जाळं. नदीवर गेलात तर चिकटायला इमारत नाही, पडणारच. आणि कथा पुढं सरकत नसेल तर डिस्क बाहेर काढू नका. काही टप्प्यांवर ठराविक हिरो पॉइंट मिळवल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. रस्त्यावरची भांडणं सोडवा, पोराचा उडालेला फुगा आणून द्या.

कॉम्प्युटरवर याच नावाचा गेम मिळतो, तो वेगळाच आणि साधा आहे. मोकळा झोका तिथं शोधू नका. सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन मी फसलो होतो.

रात्री साडेअकराला खालचे माग बंद झाले. लाईट होती. गेममध्ये अकॉर्डियनच्या त्या लाडिक धूनवर मी पिझ्झा पोचवत होतो, वेळ संपत आली होती, आणि आई म्हणाली, "गॅसवर दूध आहे, जरा बघ." दूध उतू गेलं. पिझ्झाही उशिरा पोचला.