टीव्ही सोडलात, आता बातम्या कुठून घ्याल?

रात्रीची चर्चा बघणं बंद केलं की रिमोटकडे जाणारा हात हमखास यूट्यूबकडे वळतो. तेवढं मात्र होऊ देऊ नका. पुढे काय दिसणार हे तिथेही दुसराच कोणीतरी ठरवतो. मग वाहिनी सोडून मिळवलं काय?

मी आरएसएस वापरते, म्हणजे आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारी सोय. तंत्रज्ञान १९९९ सालचं. गूगलने २०१३ मध्ये आरएसएस वाचायची आपली ‘रीडर’ ही सेवा बंद केली तेव्हा अनेकांनी आरएसएसचं श्राद्धही घालून टाकलं, पण फीडली, इनोरीडर ही तशीच ॲप्स ठणठणीत चालू आहेत. त्यांत संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा आणि ‘सर्वांत नवं आधी’ हा क्रम निवडायचा. संकेतस्थळावर आरएसएसची सोय नसेल तर ईमेल वार्तापत्र घ्या आणि त्याला वेगळं लेबल लावा, नाहीतर ते ऑफिसच्या मेलखाली गाडलं जातं.

खरा वेळ जातो संकेतस्थळांच्या निवडीत. आधी ‘आमच्याविषयी’ हे पान उघडा आणि पैसा कोणाचा ते बघा. फ्रान्सचं मेदियापार हे बातम्यांचं संकेतस्थळ २००८ पासून वाचकांच्या वर्गणीवर चालतं, जाहिराती घेत नाही. अमेरिकेतलं शोधपत्रकारितेचं प्रोपब्लिका देणग्यांवर चालतं आणि देणगीदारांची नावं जाहीर करतं. पैशाबद्दल अवाक्षर नसेल तर मी पुढे वाचतच नाही.

मग एक लांब लेख घ्या आणि शोधा: लिहिणाऱ्याने स्वतः कोणाला फोन केला? कुठे गेला? कोणता कागद वाचला? नव्या संकेतस्थळांवरचं बरंचसं लिखाण दुसऱ्याच्या बातमीवरचं मत असतं. मत वाचायला हरकत नाही, पण त्याला बातमी समजू नका. २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचं एमएच १७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, तेव्हा बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ जुळवून क्षेपणास्त्राच्या गाडीचा माग काढला, आणि तो कसा काढला तेही लिहिलं. वाचकाला स्वतः पडताळता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुरुस्त्याही बघा. वर्षभरात एकही दुरुस्ती न छापणाऱ्यांवर माझा विश्वास कमी.

जुन्या, मोठ्या वृत्तसंस्थांना मात्र पूर्ण रामराम ठोकू नका. भूकंप, निवडणुकीचे निकाल, युद्ध यांसाठी रॉयटर्स किंवा एपीच बघा. इतकी माणसं इतक्या ठिकाणी ठेवणं छोट्या संस्थेला झेपत नाही. प्रोपब्लिकाला २०१० साली पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं, ती बातमीही न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाबरोबरच केलेली होती.

यादीत एक संकेतस्थळ असं ठेवा, ज्याची मतं वाचून डोकं तापतं पण ज्याची माहिती चुकत नाही. माझ्या यादीत आहे. सकाळी चहाआधी मी ते उघडत नाही.

वर्गणी आधी महिन्याची भरा. महिनाअखेरीस न उघडलेले लेख मोजा आणि मगच वर्षाची भरायची की नाही ते ठरवा.