एलईडी हेडलाइट लुकलुकते? आधी जुना बल्ब लावून बघा

एलईडी बल्ब टाकल्यावर हेडलाइट लुकलुकते, एफएम खरखरतो नाहीतर डॅशबोर्डवर बल्बची वॉर्निंग येते, तर भाऊ लगेच कोणाला वायरिंग कापू देऊ नका. आधी जुना हॅलोजन परत लावा, सगळं नीट चाललं तर भानगड बहुतेक एलईडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे बल्बला वीज पुरवणाऱ्या छोट्या सर्किटची आहे. एच४ (हाय-लो दोन्ही बीम एकाच बल्बमध्ये असलेला) हॅलोजन ५५-६० वॅट घेतो, एलईडी बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून काही गाड्यांच्या कंप्युटरला वाटतं की बल्ब उडाला, तिथे कॅनबस डिकोडर (बल्ब ठीक आहे असं कंप्युटरला भासवणारा छोटा डबा) लागतो. त्यात रेझिस्टर (जास्तीची वीज खाणारा भाग) असेल तर तो चटका बसेल इतका तापतो, त्याला प्लास्टिकला किंवा वायरिंगला बांधून अजिबात ठेवू नका, बॉडीच्या पत्र्यावर बसवा.

एकच बाजू बंद असेल तर डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा, दोष बल्बासोबत गेला तर बल्ब खराब, तिथेच राहिला तर फ्यूज, सॉकेट, अर्थिंग तपासा, टर्मिनलवर हिरवट थर चढला असेल तर घासून काढा.

आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ ला टेकतो, त्यात हेडलाइटच्या रबर कॅपनं बल्बमागचा छोटा पंखा दाबला गेला की थोड्या वेळानं उजेड कमी होतो, तो मोकळा फिरतो का नक्की बघा.